विकास आराखडा, आरक्षण, ओपन स्पेस आणि बांधकाम परवानगी: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवले. नावं आणि गट नंबर तेवढे काढले. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विकास आराखडा, प्रादेशिक योजना, ले-आउट हे सगळं एकच ना?

नाही. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत विकास योजना लागू असते. लोक तिलाच आराखडा किंवा डीपी म्हणतात. हद्दीबाहेरच्या गावांना प्रादेशिक योजना लागते. दोन्ही ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ खाली येतात, आणि खाली कलमांचे आकडे येतील ते वेगळं सांगितलं नसेल तर याच कायद्याचे. ले-आउट म्हणजे एखाद्या गटाचे प्लॉट पाडून मंजूर करून घेतलेलं रेखांकन. प्लॉटवर किती बांधायचं, किती जागा सोडायची हे डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू झालेल्या एकीकृत नियमावलीत आहे.

एमआयडीसीचं क्षेत्र मात्र वेगळं. धुळ्याजवळ अवधानला एमआयडीसीच्या हद्दीत बांधकाम चालू असेल तर महापालिकेकडे तक्रार करून उपयोग नाही. तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच आहे.

“आमच्याकडे हे नियोजनबियोजन नवीन आहे” असं धुळेकरांनी तरी म्हणू नये. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने सरळ रस्ते आखून नवी पेठ वसवली, आणि शहरातले पत्ते आजही गल्ली नंबरने सांगतात.

२. आमच्या शेतावर काय दाखवलंय ते कुठे पाहायचं? सातबाऱ्यावर तर काहीच नाही.

सातबाऱ्यावर नसणारच. सातबारा महसूल खात्याचा; झोन (जमिनीचा ठरवून दिलेला वापर) आणि आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) नगररचना खात्याचं. शहरातल्या जमिनीसाठी महापालिका-नगरपरिषदेच्या नगररचना विभागात, आणि बाहेरच्या जमिनीसाठी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात ‘झोन दाखला व भाग नकाशा’ मागा. अर्जासोबत चालू सातबारा आणि गटाचा नकाशा लावा.

भाग नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यातली सूची वाचा. पिवळा रंग निवासी, जांभळा औद्योगिक, हे बहुतेकांना कळतं. फसगत होते ती रस्त्यांच्या रेषांत. अस्तित्वातला रस्ता आणि प्रस्तावित रस्ता वेगळ्या तऱ्हेने काढलेले असतात. प्रस्तावित रुंदीकरणाची बारीक रेषा तुमच्या विहिरीवरून जात असली तरी नकाशाच्या छोट्या प्रतीत ती दिसत नाही. दलालाने मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवर विसंबून सौदा करू नका.

३. प्रारूप आराखडा जाहीर झालाय म्हणे. आमच्या हातात किती दिवस?

कलम २६ ची नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. हरकती व सूचनांची मुदत नोटिशीतच छापलेली असते, आपल्याकडच्या शहरांना साधारण ३० दिवसांची. दिवस मोजायचे ते नोटिशीच्या तारखेपासून, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे.

हे महिन्याभराचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. या काळात साध्या कागदावर लिहिलेल्या हरकतीची कायद्याने दखल घ्यावीच लागते. तेच म्हणणं पुढे कोर्टात मांडायला वकील, पैसा आणि वर्षं लागतात, आणि तिथे पहिला सवाल हाच येतो की तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का. म्हणून दर सोमवारी सकाळी कुणीतरी एकाने स्थानिक पेपरच्या जाहीर नोटिसा चाळायच्या आणि महापालिकेचा सूचना फलक पाहायचा, एवढी कामवाटणी प्रत्येक कॉलनीने करून ठेवावी.

नकाशे कार्यालयात पाहायला खुले असतात आणि प्रत विकत मिळते. सोबतचा अहवालही मागा. त्यात आरक्षणांची यादी, प्रत्येकाचा गट नंबर, क्षेत्र आणि जमीन कोणी संपादित करायची त्या संस्थेचं नाव असतं. नकाशा आणि यादी जुळत नसतील तर तीच तुमची पहिली हरकत.

४. हरकत लिहायची कशी? वकील लागतो का?

लागत नाही. लागते ती जागेची नेमकी माहिती. “आमच्यावर घोर अन्याय झाला असून शेतकरी देशोधडीला लागणार आहे” अशा मजकुराच्या शंभर झेरॉक्स प्रतींवर शंभर सह्या, हा आपल्याकडचा आवडता प्रकार. तो एकाच ओळीत निकाली निघतो. उलट असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं:

“गट क्र. __ मधून १८ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित आहे. या गटात विहीर असून तिच्यावर केळीचा बाग व शेजारच्या दोन गटांची पाइपलाइन अवलंबून आहे (मोजणी नकाशा व फोटो सोबत). उत्तरेला अस्तित्वातला शिवरस्ता आहे. त्याच्याच आखणीवरून रस्ता नेल्यास विहीर वाचते व दोन्ही टोकं तीच राहतात. आखणी त्याप्रमाणे बदलावी. सुनावणीत म्हणणं मांडण्याची संधी मिळावी.”

गट नंबर, नेमकं काय प्रस्तावित आहे, जागेवर काय आहे, पर्याय काय आणि मागणी काय, हे सगळं यात आलं. पर्याय नसलेली हरकत कमजोर पडते, कारण ऐकणाऱ्याला रस्ता कुठून तरी न्यायचाच असतो. शेवटची सुनावणीची ओळ विसरू नका.

‘सूचना’ हाही हरकतीइतकाच हक्काचा भाग आहे. वॉर्डात शाळेचं मैदान नाही, स्मशानभूमीला रस्ता नाही, आठवडे बाजार हायवेवर भरतो, हे याच वेळी लिहायचं. जमीन जाणारे धावत येतात. ज्यांना काही मिळायला हवं ते घरी बसतात.

अर्ज आवक-जावक खिडकीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. “साहेबांच्या हातात दिलाय” याला काही अर्थ नाही.

५. मी भाड्याने राहतो, माझ्या नावावर जमीन नाही. मला हरकत घेता येईल?

येईल. आराखड्यावर हरकत किंवा सूचना कोणीही देऊ शकतो, मालकीची अट नाही. महिला बचत गट, रिक्षा स्टँडवाले, शाळेची पालक समिती, सगळ्यांनी द्यावी.

६. सुनावणीत काय होतं? आम्हाला पाच मिनिटंच देतात.

कलम २८ प्रमाणे नियोजन समिती हरकती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, विषयातले जाणकार असे जास्तीत जास्त चार जण असतात. वेळ कमीच मिळतो, म्हणून भाषण नको. मोठा छापलेला भाग नकाशा टेबलावर ठेवा, बोट ठेवून जागा दाखवा आणि पर्याय सांगा. एका गल्लीतले वीस जण असाल तर एकानेच बोला, बाकीच्यांनी लेखी द्या. निघताना हजेरीपत्रकावर सही करा आणि तोंडी मांडलेलं म्हणणं त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्या.

७. मुदत निघून गेली. आते काय करानं, भाऊ?

अजून तीन वाटा आहेत, पण प्रत्येक वाट आधीच्यापेक्षा अरुंद.

पहिली: समितीचा अहवाल आल्यावर आराखड्यात मोठ्या स्वरूपाचे बदल झाले, किंवा सरकारने मंजुरी देताना केले, तर त्या बदलांपुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. आराखडा मंजूर होतो तेव्हा असा काही भाग ‘वगळलेला भाग’ म्हणून मागे ठेवला जातो. त्याची नोटीस वेगळी निघते आणि ती कोणी वाचत नाही.

दुसरी: मंजुरीनंतर आरक्षण किंवा झोन बदलायचा तर कलम ३७ खाली फेरबदलाची नोटीस निघते. एक महिन्याची मुदत असते. मैदानांची आरक्षणं निवासी करून घेण्याचा खेळ बहुधा इथेच होतो. मूळ आराखड्याला जमणारी गर्दी इथे नसते. प्रादेशिक योजनेत असाच बदल कलम २० खाली होतो.

तिसरी: उच्च न्यायालय. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ.

वीस वर्षांत आराखड्याची फेरतपासणी व्हायला हवी असं कलम ३८ सांगतं, पण वीस वर्षं थांबा हा काही सल्ला नव्हे.

८. आमच्या जमिनीवर बागेचं आरक्षण टाकलं. जमीन सरकारजमा झाली का?

नाही. मालकी तुमचीच. फक्त आरक्षणाला बाधक असं काही बांधता येत नाही. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. (आधी ही मुदत कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीने वाढली. जुनी माहिती अजून फिरते.) नुसता महासभेत ठराव करणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. तुमच्या वस्तीतलं एकमेव मैदान अशाच नोटिशीच्या घड्याळावर असू शकतं. पालिकेकडे पैसे नाहीत, फाइल हलत नाही, २४ महिने संपतात आणि मैदानाचे प्लॉट पडतात. म्हणून वर्षातून एकदा माहिती अधिकारात विचारा: आमच्या प्रभागात कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या, कोणत्या तारखेला, पुढे काय केलं? शेतकरी मालकाचा राग समजण्यासारखा आहे, आणि त्याला मोबदला वेळेत मिळावा ही मागणी कॉलनीनेच लावून धरली तर भांडण मालक आणि कॉलनीत राहत नाही, ते पालिकेकडे जातं. ते तिथेच असायला हवं.

९. कॉलनीची ओपन स्पेस एका संस्थेला दिली. आता तिथे हॉल बांधताहेत. चालतं का?

आधी ती ओपन स्पेस कोणती ते ठरवा. एकीकृत नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती ले-आउटमधल्या रहिवाशांसाठी असते, मालकाला विकता येत नाही. आराखड्यातलं आरक्षण ही वेगळी गोष्ट (प्रश्न ८), सुविधा क्षेत्र (शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी ले-आउटमध्ये राखलेली जागा) ही तिसरी. तिन्हींचे नियम निराळे, आणि लोक तिन्हींना ओपन स्पेसच म्हणतात.

मंजूर रेखांकनाची प्रत, मंजुरीच्या अटी, मालकाने दिलेलं हमीपत्र आणि जागा संस्थेला दिल्याचा ठराव, एवढे चार कागद मिळवा. थोडंसं बांधकाम नियमात बसू शकतं, म्हणून “एक वीटही चालणार नाही” असं लिहून बसू नका. किती, कशासाठी आणि कोणाच्या वापराला, ते विचारा. देवळाचं बांधकाम असेल तर कॉलनीतच दोन तट पडतात. तेव्हा कागद मिळेपर्यंत बैठक बोलावू नये, हा माझा ठाम सल्ला.

कायद्याचा आधार भक्कम आहे. बेंगळुरूमध्ये बागेची जागा खासगी नर्सिंग होमला दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला आणि अशा जागेसाठी भांडायचा रहिवाशांना हक्क आहे हेही मान्य केलं.

ठराव नगरपरिषदेचा असेल तर तो स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे (नगरपरिषद अधिनियम, १९६५, कलम ३०८). महापालिकेचा असेल तर राज्य सरकारला (महापालिका अधिनियम, १९४९, कलम ४५१). अर्ज चुकीच्या दारात टाकला की महिना वाया जातो.

१०. शेजारी बिल्डिंग उठतेय. परवानगी आहे की नाही कसं कळणार?

माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. विषयाचा आणि शब्दांचा हे दोन्ही नियम महाराष्ट्रात आहेत आणि त्यावरूनच बरेच अर्ज परत येतात. “सदर बांधकामाबाबत संपूर्ण माहिती द्यावी” असं लिहू नका. गट किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि जोते तपासणी दाखला (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे झाल्याचा) यांच्या प्रती मागा. सोबत फाइल पाहण्याची मागणीही करा. फाइल चाळताना दिसतं ते प्रतींत येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागते. मंजुरीचे कागद त्यांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. आधी तिथे पाहा.

११. परवानगीच चुकीची दिली. आम्ही अपील करू?

कलम ४७ चं अपील ४० दिवसांत करता येतं, पण फक्त अर्जदाराला, म्हणजे ज्याची परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या त्याला. शेजाऱ्याला नाही. दिवाणी कोर्टात जायचं तर कलम १४९ आडवं येतं: या कायद्याखालचे आदेश अंतिम, त्यांना दाव्यात आव्हान देता येत नाही.

तुमच्यासाठी वाट अशी: आधी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे मुद्देसूद लेखी तक्रार, ज्यात मंजूर नकाशा आणि जागेवरचं प्रत्यक्ष बांधकाम यांतला फरक मीटरमध्ये लिहिलेला असेल. मग आयुक्त किंवा मुख्याधिकारी. मग जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. यातून काही झालं नाही तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका. या पायऱ्यांची पोच हाच रिटचा पाया.

बुलडोझर उद्या येईल अशी अपेक्षा ठेवू नका. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. रस्ता, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणांना ते संरक्षण नाही.

१२. नदीकाठी स्वस्त प्लॉट मिळतोय. एन.ए. आहे म्हणतात. घ्यावा का?

जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध भाग, निळी ते लाल हा नियंत्रित. पांझरा, गिरणा, वाघूर उन्हाळ्यात कोरड्या दिसतात, पात्रात क्रिकेट चालतं. तो पुरावा नव्हे. एन.ए. म्हणजे बिगरशेती वापराची मुभा; पूररेषेतून सूट नव्हे.

१३. दोन गुंठे घेतले, खरेदीखत झालं, नोंदही लागली. मग बांधकाम परवानगी का नाही?

कारण तिन्ही गोष्टी वेगळ्या. तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात) सवलत मिळून व्यवहार वैध झाला तरी प्लॉट मंजूर ले-आउटमधला ठरत नाही. शहरांतल्या अशा वस्त्यांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. कधीपर्यंतची बांधकामं त्याखाली नियमित होऊ शकतात ती तारीख २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. पण आरक्षणाच्या जागेवरचं किंवा पूररेषेतलं बांधकाम त्याने सरसकट नियमित होत नाही (प्रश्न ८, १२).

१४. ग्रामसभेने एकमताने ठराव केला. आता कारखाना थांबेल ना?

सर्वसाधारण क्षेत्रात नुसत्या ठरावाने थांबत नाही. ठराव हे वजन आहे, नकाराधिकार नव्हे. पण प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असेल आणि जनसुनावणी असेल, तर तिथे ठराव जोडा.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर करून सुनावणी घ्यायची असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा गोषवारा मराठीत मिळायला हवा. तो नसेल तर पहिल्याच मिनिटाला ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. गणसंख्येची अट नसते, म्हणून बहिष्कार टाकला तर सुनावणी तुमच्याशिवाय पूर्ण होते. खुर्च्या फेकल्या तर मुद्दे राहतात आणि गुन्हे लागतात. मंजुरी मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे ३० दिवसांत अपील; सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो.

आणि एक: २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकाम प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, पण त्यांना जनसुनावणी नसते.

१५. आमचं गाव पेसात आहे. तिथेही हेच नियम?

नाही. पेसा हा आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, म्हणून तिथे ग्रामसभेचं बळ बरंच जास्त. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके, तसंच शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. गाव यादीत आहे का ते आधी पाहा. शेजारचं आहे म्हणून तुमचं असेलच असं नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय सक्तीचा केला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ ने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आणली. वाळू, मुरूम यांसारख्या गौण खनिजांच्या पट्ट्यालाही ग्रामसभेची शिफारस लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी सरकारची मान्यता हवी.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं. सातपुड्यात एका ग्रामपंचायतीचे पाडे डोंगर ओलांडून पसरलेले असतात. पंचायतीच्या गावात झालेली ग्रामसभा पाड्याचा आवाज नसते. संमतीचा कागद दाखवला तर विचारा: कोणत्या गावाची ग्रामसभा, कोणती तारीख, हजेरीची वही कुठे आहे?

१६. गायरानावर पक्की घरं झालीत. ते आराखड्यात येतं का?

झोन कोणताही असो, गायरानाचा प्रश्न महसूल खात्याचा: तहसीलदार, जिल्हाधिकारी. २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं; भूमिहीनांना दिलेले पट्टे आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी यांना अपवाद ठेवला. तक्रार करताना श्रीमंताचं गोदाम आणि भूमिहीनाची झोपडी एकाच यादीत टाकू नका. गोदाम राहतं, झोपडी जाते.

१७. आमचीच घरं अर्धी बेकायदा आहेत. शेजारच्या टॉवरची तक्रार केली तर आमच्यावरच उलटेल?

उलटू शकतं, आणि हे आधी कोणी सांगत नाही. तक्रारीवर मोजणी आली की मोजणीवाल्यांना तुमची गॅलरीही दिसते, आणि समोरचा माणूस माहिती अधिकार तुमच्याइतकाच वापरतो. म्हणून आधी घरची बाजू पाहा: गुंठेवारीत किंवा दंड भरून नियमित होण्यासारखं काय आहे, त्याचे अर्ज टाकून पोच ठेवा. अर्ज प्रलंबित असणं आणि अर्जच नसणं यांत फार फरक पडतो. मग तक्रार व्यक्तीच्या नावाने न करता रहिवासी संघाच्या नावाने करा, आणि ती टॉवरमुळे सार्वजनिक काय बिघडतं तेवढ्यापुरती ठेवा: अग्निशमनाचा बंब जायला सोडलेला रस्ता, नाल्याचं पात्र, पार्किंग. ज्याचं घर सगळ्यात अडचणीत आहे त्याला पहिल्या सहीसाठी पुढे करू नका.

संघ नोंदणीकृत नसला तरी तक्रार चालते. उच्च न्यायालयात जायचं ठरलं तर मात्र नोंदणी, सभेचा ठराव आणि कोणाला अधिकार दिला याचं पत्र लागेल. ते तेव्हा धावपळीत करण्यापेक्षा आत्ताच करून ठेवा.